'सेंट्रल प्रोव्हिन्सेस'ला हिरवा की लाल? जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपन्यांची नावं आणि रंग ओळखायचे कसे

आधी माझी फजिती सांगतो म्हणजे पुढचं सगळं काऊन लिहून राहिलो ते कळेल. मागच्या दिवाळीत आतेभाऊ बाहेरून आला, येताना एक जुनं मॉडेल इंजिन घेऊन आला, ओओ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या भागाएवढं. रंग उडालेला, नंबर नाही, नाव नाही. म्हणाला ज्युबिली क्लासचं, म्हणजे त्या डिझाइनच्या मालिकेतलं आहे, तूच काय ते कर याचं. मी शोधाशोध केली तर कळलं की एलएमएस (लंडन मिडलंड अँड स्कॉटिश) या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या या ज्युबिली इंजिनांमध्ये ५५८२ नंबरच्या इंजिनाचं नाव होतं 'सेंट्रल प्रोव्हिन्सेस', म्हणजे आपला मध्य प्रांत राजेहो, ज्याची राजधानी नागपूर! झालं, डोक्यात तेच बसलं. एक रंगीत फोटो सापडला ज्युबिलीचा, त्यात मस्त हिरवं इंजिन होतं, मी तसाच हिरवा मारला, बाजूला ऐटीत एलएमएस लिहिलं, ५५८२ टाकलं आणि फोटो काढून चार लोकांना पाठवला. पहिलाच रिप्लाय आला की भाऊ, हे इंजिन या रंगात आणि या अक्षरांत एकाच वेळी कधीच नव्हतं.

आणि खरंच नव्हतं. हिरवा रंग होता ब्रिटिश रेल्वेजच्या, म्हणजे १९४८ नंतरच्या सरकारी रेल्वेच्या काळातला, अक्षरं त्याच्या आधीच्या कंपनीची. म्हणजे एखाद्याने एसटीच्या लाल डब्यावर नागपूरच्या 'आपली बस' या सिटी बसची पाटी लावावी तसं काहीतरी. तर या ब्रिटिश कंपन्यांच्या बाबतीत रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी कंपनी, मग साल, मग इंजिनाचं काम, आणि मग रंग. उलटं गेलात तर माझ्यासारखे चार महिने वाया.

आधी आद्याक्षरं फोडायला शिका

जुन्या कंपन्यांची नावं बघितली की डोकं गरगरतं, एलएनडब्ल्यूआर, एलएसडब्ल्यूआर, एलबीएससीआर, एसईसीआर, काय चाललंय. पण नावं पडायच्या रीती तीन-चारच आहेत, आणि आपल्याकडे पण त्याच रीतीने पडली होती म्हणून आपल्याला खरं तर सोपं जायला पाहिजे.

पहिली रीत, दोन टोकं जोडायची. लंडन अँड बर्मिंगहॅम, लंडन अँड साउथॅम्प्टन. आपली बेंगाल नागपूर रेल्वे, १८८७ ची, याच जातीची, या टोकाला हे गाव त्या टोकाला ते. दुसरी रीत, ग्रेट लावायचं आणि दिशा सांगायची, ग्रेट वेस्टर्न, ग्रेट नॉर्दर्न, ग्रेट ईस्टर्न. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, जी १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचली, तिच्यातलं ग्रेट पण याच हौसेतून आलेलं. तिसरी, मुलुखाचं नाव, मिडलंड, हायलँड, कॅलेडोनियन म्हणजे स्कॉटलंडची, केंब्रियन म्हणजे वेल्सची. आणि चौथी म्हणजे जॉइंट, दोन कंपन्यांनी मिळून चालवलेली, जशी सॉमरसेट अँड डॉर्सेट जॉइंट.

नावं बदलायची पण कारणं असायची आणि ती वाचायला मजा येते. लंडन अँड साउथॅम्प्टनवाल्यांना पोर्ट्समथच्या बाजूला फाटा न्यायचा होता, पोर्ट्समथवाले म्हणाले साउथॅम्प्टनच्या नावाची गाडी आमच्याकडे कायले पाहिजे, मग १८३९ मध्ये कंपनीने नावच बदलून लंडन अँड साउथ वेस्टर्न करून टाकलं. गावागावांतली खुन्नस सगळीकडे सारखीच. तशीच मँचेस्टर, शेफील्ड अँड लिंकनशायर नावाची कंपनी होती, तिला लंडनपर्यंत स्वतःची लाईन टाकायची होती, मग इतकं गावठी नाव कसं चालेल, १८९७ ला ती ग्रेट सेंट्रल झाली. लोक आधी तिच्या एमएसएल या अक्षरांना 'मनी संक अँड लॉस्ट' म्हणायचे, नाव बदलल्यावर जीसी म्हणजे 'गॉन कम्प्लिटली' म्हणायला लागले. सॉमरसेट अँड डॉर्सेट म्हणजे 'स्लो अँड डर्टी', लंडन चॅटम अँड डोव्हर म्हणजे 'लंडन स्मॅशेम अँड टर्नओव्हर'. ही टिंगल पाठ करून ठेवा, गंमत म्हणून नाही, आद्याक्षरं लक्षात राहायला यापेक्षा चांगला उपाय मला तरी सापडला नाही.

एक खास नागपूरकरांसाठी. एसईसीआर वाचलं की आपल्याला मोतीबाग आठवते, साउथ ईस्ट सेंट्रल रेल्वे. मी पहिल्यांदा एका ब्रिटिश इंजिनावर एसईसीआर बघितलं तेव्हा खरंच दोन मिनिटं गोंधळलो. ते आहे साउथ ईस्टर्न अँड चॅटम. साउथ ईस्टर्न आणि लंडन चॅटम अँड डोव्हर या दोन कंपन्या केंटमध्ये वर्षानुवर्षं एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, एकाच गावात दोघींची वेगवेगळी स्टेशनं, शेवटी दमल्या आणि १८९९ ला एक जॉइंट मॅनेजिंग कमिटी करून कारभार एकत्र केला. कागदावर मात्र दोन्ही कंपन्या १९२३ पर्यंत वेगळ्याच राहिल्या. भाऊबंदकीत वाटणी न करता एका चुलीवर जेवणारं घर असतं ना, तसं. पण इंजिनं काय सजवायची ही मंडळी! हिरव्यागार रंगावर नाजूक रेघा, घासून लख्ख केलेला पितळेचा डोम, आणि मग पहिल्या महायुद्धात सगळ्यावर साधा राखाडी.

साल पक्कं करा, नाहीतर पुढचं सगळं चुकेल

तीन काळ डोक्यात ठेवायचे. १९२३ च्या आधीचा, जेव्हा शंभराच्या वर कंपन्या होत्या. १ जानेवारी १९२३ ते ३१ डिसेंबर १९४७, जेव्हा १९२१ च्या कायद्याने साधारण १२० कंपन्या मिळून चार मोठ्या झाल्या, त्याला ग्रुपिंग म्हणतात. आणि १ जानेवारी १९४८ पासून सगळं सरकारी, ब्रिटिश रेल्वेज.

चार मोठ्या म्हणजे जीडब्ल्यूआर, एलएमएस, एलएनईआर आणि सदर्न. एलएमएस म्हणजे लंडन मिडलंड अँड स्कॉटिश, एलएनईआर म्हणजे लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न. यातली ग्रेट वेस्टर्न एकटीच अशी की जिचं नाव १८३५ च्या कायद्यापासून १९४७ पर्यंत तेच राहिलं, बाकी सगळ्यांच्या पाट्या पुसल्या गेल्या. त्याचा माज पण होता त्यांना, जीडब्ल्यूआर म्हणजे 'गॉड्स वंडरफुल रेल्वे' असं त्यांचे चाहते अजून म्हणतात, विरोधक 'ग्रेट वे राउंड' म्हणायचे कारण त्यांचे जुने रूट लांबून जायचे.

आता साल ओळखायच्या खुणा. इंजिनाच्या नंबरकडे बघा. सरकारी झाल्यावर एलएमएसच्या नंबरांमध्ये ४०००० मिळवले, सदर्नच्या ३००००, एलएनईआरच्या ६००००. ग्रेट वेस्टर्नचे तसेच ठेवले कारण त्यांचे नंबर पितळेच्या ओतीव पाट्यांवर होते, कोण बदलत बसणार. म्हणजे ५५८२ असेल तर एलएमएस काळ, ४५५८२ असेल तर १९४८ नंतरचा. इथेच माझं चुकलं होतं, हिरव्या रंगावर पाच आकडी नंबर पाहिजे होता, मी चार आकडी टाकला.

मग टेंडरकडे बघा, म्हणजे मागचा कोळशाचा डबा. एलएमएसच्या लाल इंजिनांवर १९२३ ते १९२८ टेंडरवर भला मोठा नंबर असायचा, ही जुन्या मिडलंड कंपनीची सवय, टेंडर एका इंजिनाचं काढून दुसऱ्याला लावलं की नंबरचा घोळ होणार हे कोणालातरी उशिरा सुचलं असणार, १९२८ पासून उलटं केलं, टेंडरवर एलएमएस आणि नंबर केबिनवर. ज्युबिली १९३४ ते १९३६ मधल्या, म्हणजे त्यांच्या टेंडरवर मोठा नंबर टाकलात तर तेही चूक. ग्रेट वेस्टर्नच्या टेंडरवर पूर्ण 'ग्रेट वेस्टर्न' लिहिलेलं असेल तर बहुतेक १९३४ च्या आधीचं, गोल शिक्का असेल, ज्याला ते शर्टाचं बटण म्हणतात, तर १९३४ नंतरचं. सदर्न अख्खं नाव 'सदर्न' असं लिहायची. आणि ब्रिटिश रेल्वेजच्या टेंडरवर सिंह, आधी चाकावर उभा राहून सायकल चालवल्यासारखा दिसणारा, १९५६ नंतर मुकुटातून अर्धा बाहेर आलेला, हातात चाक धरलेला. या दुसऱ्याला पोट्टे 'फेरेट अँड डार्टबोर्ड' म्हणायचे, आणि एकदा ते ऐकलं की सिंह दिसतच नाही, मुंगूसच दिसतं.

समोरून बघत असाल तर अजून एक सोपी खूण, नंबर पुढच्या लाल आडव्या पट्टीवर रंगवलेला असेल तर ग्रेट वेस्टर्न, एलएनईआर किंवा सदर्न, धुराड्याच्या खालच्या गोल दारावर छोटी पाटी असेल तर एलएमएस किंवा १९४८ नंतर कोणीही.

नाव वाचलं की मालक कळतो

हे मला सगळ्यात आवडतं. आपल्याकडे गाड्यांना नावं असतात, इंजिनांना क्वचित. तिकडे भल्ली हौस. आणि प्रत्येक कंपनीची आवड वेगळी, म्हणून नुसत्या नावावरून कंपनी सांगता येते.

कॅसल, किंग, हॉल, मॅनॉर, ग्रेंज लागलं की डोळे मिटून ग्रेट वेस्टर्न. किल्ले, राजे आणि जमीनदारांचे वाडे, बस. हॉल नावाची इंजिनं तर तीनशेच्या वर होती, म्हणजे इंग्लंडातला एकही वाडा सोडला नसेल असं वाटतं. किंग मालिकेत पहिलं इंजिन १९२७ चं किंग जॉर्ज पाचवा, आणि नंतरची नावं इतिहासात उलटी मागे मागे जातात.

रेसच्या घोड्यांची नावं असतील तर एलएनईआर. फ्लाइंग स्कॉट्समन सगळ्यांना माहीत, १९२३ ला डॉनकास्टरला बांधलेलं, पण त्याच्या भावंडांची नावं बघा, प्रिटी पॉली, स्पिअरमिंट, आणि एकाचं चक्क सँडविच! ते सगळे शर्यती जिंकलेले घोडे, पण हे माहीत नसेल तर वाटतं कँटीनवाल्याने नावं ठेवली. पक्ष्यांची नावं पण एलएनईआरचीच, मॅलार्ड, जे ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल पळालं. फुटबॉल क्लबांची पण त्यांचीच, नावाच्या पाटीखाली छोटा पितळेचा फुटबॉल लावलेला असायचा.

शाळांची नावं, ईटन, विंचेस्टर वगैरे, म्हणजे सदर्न, अशी ४० इंजिनं. राजा आर्थरच्या दरबारातले सरदार पण सदर्नचेच. ती कल्पना कंपनीच्या जाहिरात विभागाची, आणि मुख्य इंजिनियर मॉन्सेल म्हणाले होते म्हणे की द्या नाव, पण त्याने इंजिनाच्या चालण्यात काही फरक पडणार नाही. अस्सल इंजिनियर.

आणि एलएमएसच्या ज्युबिली. एकूण १९१ बांधल्या, त्यातल्या पुष्कळांना साम्राज्यातल्या प्रांतांची आणि संस्थानांची नावं दिली. ५५७४ इंडिया पासून सुरू करा आणि वाचत जा, मद्रास, बॉम्बे, बेंगाल, पंजाब, मग आपलं ५५८२ सेंट्रल प्रोव्हिन्सेस, पुढे हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, आणि ५५९३ कोल्हापूर. आपल्या पाठ्यपुस्तकातला नकाशाच लंडनच्या उत्तरेला धावत होता. मालकीचा मिरवणारा नकाशा, हे मान्य, मला पण नावांची यादी पहिल्यांदा वाचताना आधी कौतुक वाटलं आणि मग थोडा राग आला. यात एक बारीक गोष्ट आहे. गोल्ड कोस्ट स्वतंत्र होऊन घाना झाला तेव्हा १९५८ ला त्या ज्युबिलीचं नाव बदलून घाना केलं. मध्य प्रांताचं मात्र १९५० ला मध्य प्रदेश झालं, १९५६ ला नागपूर तिथून निघून मुंबई राज्यात आलं, आणि ते इंजिन तिकडे तेच जुनं सेंट्रल प्रोव्हिन्सेस नाव घेऊन कोळसा खात राहिलं. आता ते भंगारात गेलंय. ज्युबिलींपैकी चारच वाचल्या, बहामाज, लिएंडर, गॅलेटिया आणि कोल्हापूर. हो, कोल्हापूर वाचलं आणि नागपूर गेलं, आता यावर पश्चिम महाराष्ट्राच्या मित्रांशी वाद घालायची सोय नाही.

उलट मिडलंड रेल्वे, एवढी देखणी इंजिनं, पण नाव द्यायला कंजूष. जुन्या मिडलंडच्या इंजिनावर नाव दिसलं तर आधी संशय घ्या.

आता रंग

कंपनी, साल आणि नाव झालं की रंगाकडे या. आणि इथे तिसरा प्रश्न विचारायचा, इंजिन कोणत्या कामाचं. कारण कंपनीचा रंग म्हणून जो फोटोत मिरवतो तो बऱ्याचदा फक्त एक्सप्रेसवाल्यांचा असतो. एलएमएसचा लाल १९२८ नंतर फक्त मोठ्या पॅसेंजर इंजिनांना, बाकी सगळे काळे. मालगाडीच्या इंजिनाला लाल लावलात की गेलात.

तो लाल म्हणजे क्रिमसन लेक. मिडलंडने १८८३ पासून घेतला, एलएमएसने तोच पुढे चालवला. मी बरेच दिवस समजत होतो लेक म्हणजे तलाव, फुटाळ्यासारखं काही. तसं नाही, रंगाच्या भाषेतला हा लेक आपल्या लाखेवरून गेलाय, बांगड्यांची लाख, तीच. म्हणजे त्या लाल रंगाचं नाव आपल्याच बाजारातून तिकडे गेलं आणि इंजिनावर चढून बसलं. रंग समजायचा असेल तर तांबड्या रश्शाचा विचार करू नका, तो फार भडक. जुनी लाखेची बांगडी सावलीत धरा, किंचित जांभळट, खोल, उन्हात धरली की मग आतून लाल पेटतो. तसा.

लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नची इंजिनं १८७३ पासून काळी, पण नुसती काळी नाही, वार्निश करून करून जांभळासारखी चमकणारी, म्हणून त्याला ब्लॅकबेरी ब्लॅक म्हणतात, वर लाल, क्रीम आणि करड्या रेघा. याच रेघा पुढे ब्रिटिश रेल्वेजने आपल्या काळ्या इंजिनांवर घेतल्या. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नच्या डब्यांना 'प्लम अँड स्पिल्ट मिल्क' म्हणायचे, खाली जांभळट आणि वर सांडलेल्या दुधासारखा पांढरा. कॅलेडोनियन निळी, ग्रेट ईस्टर्न पण निळी पण जास्त गडद आणि लाल रेघांची. ग्रेट नॉर्दर्न हिरवी, सफरचंदासारखी, तीच पुढे एलएनईआरची झाली आणि डबे वार्निश मारलेल्या सागवानाचे. ग्रेट वेस्टर्न पण हिरवी पण गडद, वर धुराड्याला तांब्याची कड, डबे चॉकलेटी आणि क्रीम. मात्र १९१२ ते १९२२ मध्ये तेच डबे लाल होते, हे माहीत नसतं लोकांना आणि मग भांडणं होतात.

सगळ्यात भारी गंमत लंडन ब्रायटन अँड साउथ कोस्टची. १८७० ला तिथे स्ट्राउडली नावाचे इंजिनियर आले आणि त्यांनी इंजिनांना जो रंग दिला त्याचं अधिकृत नाव 'इम्प्रूव्हड इंजिन ग्रीन', सुधारित हिरवा. आणि रंग प्रत्यक्षात आहे पिवळा! हळदीत थोडी माती कालवल्यासारखा. काऊन असं नाव दिलं यावर लोक रंगांधळेपणापर्यंत जातात. तर कागदावर ग्रीन वाचून हिरवी डबी विकत घेऊ नका.

१९४८ नंतरचं पटकन. सुरुवातीला सगळ्यात मोठ्या एक्सप्रेस इंजिनांना निळा, मग दोन-तीन वर्षांतच एक्सप्रेसवाल्यांना गडद हिरवा आणि त्यावर नारिंगी-काळ्या रेघा. मिक्स कामाला, म्हणजे पॅसेंजर आणि माल दोन्ही ओढणाऱ्यांना, रेघांचा काळा, मालगाडीला साधा काळा. डबे आधी लाल आणि क्रीम, 'ब्लड अँड कस्टर्ड', १९५६ पासून मरून, आणि १९६५ पासून निळे, बरेचसे निळे-करडे, आणि ती दोन बाणांची खूण.

जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंवरून रंग ठरवू नका, हे ठळक अक्षरात वाचा. त्या काळच्या फिल्मला लाल दिसायचा नाही, त्यामुळे लाल इंजिन फोटोत जवळजवळ काळं येतं आणि निळं फिकट, पांढरट. मिडलंडचं लाल इंजिन फोटोत बघून लोक म्हणतात हे तर काळंच. आणि अजून एक सापळा, कारखान्यातून नवं इंजिन निघालं की फोटोसाठी त्याला मुद्दाम राखाडी रंग द्यायचे म्हणजे बारकावे नीट दिसतात, फोटो झाला की खरा रंग. तो राखाडी फोटो बघून कोणी राखाडी मारतं. फोटोतून रेघा कुठे जातात, अक्षरं केवढी, पाटी कुठे, एवढंच घ्या.

नागपूरच्या हवेत हे रंगवायचं कसं

माझा दुसरा प्रयत्न सांगतो, दुसऱ्या एका जुन्या इंजिनावरचा, हा जमला. जुना रंग काढताना थिनर वापरू नका, प्लॅस्टिक विरघळतं, मी एक पायरी आणि हँडरेल त्यात घालवले. साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि धीर, जो निघत नाही तो बारीक पॉलिश पेपरने फक्त गुळगुळीत करा.

मग प्रायमर. लाल रंगाखाली राखाडीपेक्षा रेड ऑक्साइड चांगला, वरचा लाल खोल दिसतो. काळ्यावर थेट लाल मारलात तर पाच हात देऊनही मेलेलाच दिसणार.

तयार क्रिमसन लेकची डबी इथे मला मिळाली नाही, तर अ‍ॅक्रिलिकमध्ये मिसळला, मरून जास्त, त्यात थोडा बर्न्ट सिएना आणि काळ्याचा अक्षरशः टूथपिकच्या टोकाएवढा थेंब. मिश्रण प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीवर लावून वाळू द्या आणि गच्चीवर नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली बघून ठरवू नका. अजून एक, छोट्या वस्तूवर रंग गडद दिसतो, त्यामुळे खऱ्यापेक्षा जरासा उजळ ठेवा. आणि एकदम पुरेल एवढा मिसळून डबीत भरून ठेवा, दुसऱ्यांदा तोच शेड जमत नाही, कोणालाच नाही.

आता हवा. मे महिन्यात दुपारी रंगवायला बसलात तर रंग ब्रशवरच वाळतो, ४५ डिग्रीला काय होणार दुसरं, इंजिनावर दाणेदार खरखर येते. सकाळी सहा ते आठ, बस तेवढाच वेळ. आणि कूलर लावलेल्या खोलीत स्प्रे वार्निश मारू नका. मी मारला. कूलरची सगळी ओल हवेत, वार्निश वाळता वाळता दुधासारखं पांढरं पडलं, अख्खं इंजिन मोतीबिंदू झाल्यासारखं. पावसाळ्यात पण तेच. हे काम दिवाळीनंतर होळीपर्यंत करा, नागपूरची हवा तेव्हाच माणसात असते.

लाल दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातात एक दिवस. धुराड्याकडचा पुढचा गोल भाग, केबिनचं छत आणि खालचा चालायचा पट्टा काळा. पुढची-मागची बफर लावलेली आडवी पट्टी भडक लाल, ही मात्र रश्शासारखीच.

मग रेघा. एलएमएसच्या लाल इंजिनावर पिवळ्या आणि काळ्या, केबिनच्या बाजूला, टेंडरच्या कडेने, बॉयलरच्या पट्ट्यांवर. ब्रशने होत नाही, मी बाबांच्या जुन्या इंजिनियरिंगच्या कंपासपेटीतला रूलिंग पेन काढला, दोन पात्यांचा, स्क्रूने जाडी कमी-जास्त होणारा. रंग पातळ दुधाएवढा करायचा, पात्यांमध्ये ड्रॉपरने सोडायचा, पट्टीखाली एक नाणं ठेवायचं म्हणजे पट्टी थोडी वर राहते आणि रंग खाली ओढला जात नाही. आधी काचेवर पन्नास रेघा मारा. खरंच पन्नास. चुकली रेघ लगेच ओल्या कापसाने पुसता येते, वाळल्यावर नाही. कोपरे सरळ रेघा झाल्यावर शेवटी करा.

अक्षरं आणि नंबरांचे तयार ट्रान्सफर, म्हणजे चिकटवायची छापील अक्षरं, मागवा. घरच्या इंकजेटवर पारदर्शक कागदावर पिवळी अक्षरं काढायचा प्रयोग मी केलाय, शाई पारदर्शक असते, लाल रंगावर पिवळं दिसतच नाही, मळकट डाग दिसतो. ट्रान्सफर लावायच्या आधी चकचकीत वार्निशचा एक हात द्या, मॅट पृष्ठभागावर लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी झाक येते. लावून वाळलं की मग वरून हलकं सॅटिन वार्निश, आणि कूलर बंद!

नावाची पाटी चाकावरच्या अर्धगोल झाकणावर बसते, तिचा आकार पण त्याच गोलाईचा. ती जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरची, त्यात सेंट्रल प्रोव्हिन्सेस एवढी लांबलचक अक्षरं. आपल्याकडच्या पाटी बनवणाऱ्या एका काकांना दाखवली तर चष्मा काढून म्हणाले, "बेटा, ही मुंगीच्या घराची पाटी आहे का?" कोरलेली पितळेची तयार मागवावी लागते, दुसरा मार्ग नाही, आणि मागवताना क्लासचं नाव नक्की लिहा कारण तेच नाव दुसऱ्या कोणत्या कंपनीच्या इंजिनावर असेल तर पाटीचा बाक वेगळा येतो. चिकटवताना सुपर ग्लू नको, त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरं पडतं, वार्निशचाच एक थेंब पुरतो.

शेवटी खऱ्या कोळशाचा चुरा टेंडरमध्ये पातळ फेविकॉलवर टाका. कोळसा विकत घ्यायची गरज नाही, इस्त्रीवाल्या भाऊकडे एक तुकडा मागितला, त्याने काऊन पाहिजे विचारलं, सांगितलं, त्याने दोन दिले. घरी फोडल्यावर लक्षात आलं की तो लाकडी कोळसा, दगडी नाही, पण शहात्तराव्या भागात कोण बघतं. जो बघेल त्याला आधी हिरवं इंजिन दाखवीन, ते पण जपून ठेवलंय, त्यावर आता एलएमएस खरवडून सिंह आणि ४५५८२ लावायचं राहिलंय.